बिनभत्त्याची संचालकी

सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला संचालक मंडळ म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. पॅनेल, प्रचार, मतदान, मतमोजणी, पहिली सभा, अध्यक्षांची निवड हे सारे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. पुढे पाच वर्षे ऊसदर, साखर उतारा आणि तोडणीचा प्रोग्रॅम यांवरून त्याच मंडळाला जाब विचारायलाही आपण मागेपुढे पाहत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठतोच आणि म्हणतो, "अध्यक्षमहाराज, अहवालाच्या अमुक पानावरचा हा आकडा जरा समजावून सांगा." तो उठतो, हीच सहकाराची खरी ताकद.

आज आम्ही सभासद बंधू-भगिनींपुढे दुसऱ्याच एका संचालक मंडळाचा विषय ठेवीत आहोत. त्या मंडळाच्या निवडणुकीत गुलाल उधळला जात नाही. तिथे बैठकीचा भत्ता नाही, मानधन नाही, गाडी नाही. उलट बैठकीच्या चहाचे पैसे पुष्कळदा सदस्यांच्याच खिशातून जातात. आणि ज्यांच्यासाठी हे मंडळ बसते, त्यांतले पुष्कळजण सभेत उठून जाब विचारू शकत नाहीत. कुणाला बोलता येत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला जिना चढून सभागृहापर्यंत पोहोचता येत नाही, आणि कुणाला आपल्यावर अन्याय झाला हे समजतही नाही. अपंगांची शाळा, वसतिगृह, कार्यशाळा किंवा पुनर्वसन केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे विश्वस्त मंडळ ते हे. वर्षानुवर्षे या मंडळात बसून मुकाट्याने काम करणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली आणि आजही आहेत. त्यांचे काम नेमके काय, ते इतकी वर्षे का करावे लागते आणि आपल्या ऊसवाल्यांचा त्याच्याशी संबंध काय, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

हा विषय आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे

"आपल्या घरात देवाच्या दयेनं सगळे धडधाकट आहेत, आपल्याला काय त्याचं?" असे कुणी म्हणेल. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. तेव्हा १९९५ चा जुना कायदा लागू होता आणि त्यात अपंगत्वाचे अवघे ७ प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्याने ते २१ केले. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' हा शब्द आला आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही केला. शब्द कोणताही घ्या, माणसे तीच आहेत आणि ती आपल्याच गावात राहतात.

देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. पण त्याआधी ज्यांच्या पायातले बळ गेले, ते आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांतले कितीतरी आपल्याच कारखान्याच्या कार्यक्षेत्रात शेती करतात. मळणी यंत्रात किंवा कडबा कुट्टीत हात गेलेला माणूस कोणत्या गावात नाही? हंगामात अंधाऱ्या रस्त्यावर बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळते. पोरगा जगतो, पण कमरेखाली लुळा होतो. जन्मतःच मतिमंद किंवा बहुविकलांग असलेले लेकरू तर गरीब-श्रीमंत, बागायतदार-कोरडवाहू असे काही पाहून येत नाही. अपंगत्व हे दुसऱ्याच्या घरचे दुखणे आहे, असे समजून चालणारा माणूस बिनविम्याच्या पिकावर बसलेला असतो.

अशा घरातली माणसे आमच्याशी बोलतात तेव्हा पैशाचा विषय नंतर निघतो. आधी निघतो तो एकच प्रश्न : "आम्ही आहोत तोवर ठीक. आमच्या माघारी याचं कोण?" या प्रश्नाचे उत्तर एकटे सरकार देऊ शकत नाही आणि एकटे घरही देऊ शकत नाही. उत्तर द्यायला एखादी टिकाऊ संस्था लागते, आणि संस्था टिकते ती तिच्या मंडळात बसणाऱ्या माणसांवर.

खुर्ची पहिली : आईची

अशा मंडळांत साधारण तीन तऱ्हेची माणसे येतात. पहिली, ज्यांच्या घरात दुःख आहे ती. मुंबईच्या फातमा इस्माईल यांचे नाव इथे सर्वप्रथम घ्यावे लागेल. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या काळी पोलिओ झालेल्या मुलाचे पुढे काय करायचे, याची धड सोय मुंबईसारख्या शहरातही नव्हती. मुलीला घेऊन त्या उपचारासाठी थेट मद्रासपर्यंत गेल्या. मुलगी सुधारू लागली. इथे बहुतेक आई-बाप देवाचे आभार मानून आपल्या संसाराला लागले असते. बाईंनी तसे केले नाही. जे आपल्या मुलीला मिळाले ते दुसऱ्यांच्या मुलांनाही मिळाले पाहिजे, असे म्हणून १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षातच, त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी लहानसे उपचार केंद्र काढले.

त्या केंद्रातून अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली आणि हाजी अलीला मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय झाले. १९५८ साली बाईंना पद्मश्री मिळाली, १९७८ साली त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या. पण आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही, की १९४७ ला सुरू केलेले काम त्यांनी मुलगी बरी झाली म्हणून सोडले नाही. आपल्या पोराची नड भागली तरी जो संस्थेत राहतो, तो खरा विश्वस्त. आपल्याकडेही सभासद दोन तऱ्हेचे असतात. एकाचा ऊस गेला की त्याचा कारखान्याशी संबंध संपतो. दुसरा मात्र आपला ऊस गेल्यावरही शेजाऱ्याचा फड उभा आहे म्हणून गट ऑफिसच्या खेपा घालतो.

खुर्ची दुसरी : ज्याचे त्याची

दुसरी माणसे म्हणजे स्वतः अपंग असलेली. इथे आम्ही मुंबईहून कोल्हापूरला येतो, म्हणजे साखरपट्ट्यातच येतो. नसीमा हुरजूक यांचा जन्म १९५० चा. ऐन उमेदीच्या वयात, शाळा-कॉलेजच्या उंबरठ्यावर, त्यांच्या कमरेखालचे शरीर निकामी झाले आणि उरलेले आयुष्य चाकांच्या खुर्चीवर आले. पुढे बाबूकाका दिवाण यांची गाठ पडली. तेही तसेच चाकांच्या खुर्चीवरचे गृहस्थ, पण स्वतःचा व्यवसाय चालवणारे. त्यांना पाहून नसीमाताईंना पुन्हा उभारी आली. त्या शिकल्या आणि केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरीला लागल्या.

पगार सुरू झाला, पोटाचा प्रश्न मिटला. पण आपल्याला जे जमले ते खेड्यापाड्यातल्या, घराच्या कोपऱ्यात पडून राहिलेल्या पोरांना का जमू नये, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. नोकरी सांभाळून त्यांनी संस्थेचे काम धरले. १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सहकाऱ्यांबरोबर स्थापन केली आणि त्यानंतर सुमारे तीन दशके तिचे नेतृत्व केले. मुलांना राहायला 'घरौंदा' हे वसतिगृह, शिकायला समर्थ विद्यामंदिर, आणि मोठे झाल्यावर हाताला काम हवे म्हणून सिंधुदुर्गात 'स्वप्ननगरी'चा काजू प्रक्रियेचा उद्योग, अशा एकेक गोष्टी उभ्या राहिल्या. 'चाकाची खुर्ची' या त्यांच्या आत्मकथनात हा प्रवास वाचायला मिळतो. वाचनालयात असेल तर सभासदांनी जरूर वाचावे.

या कामाचा क्रम पाहा. आधी राहायची सोय, मग शाळा, मग रोजगार. हा क्रम बाहेरच्याला सहज सुचत नाही. बाहेरचा माणूस आधी इमारत बांधतो, कोनशिला बसवतो आणि मग लक्षात येते की दाराला चार पायऱ्या आहेत व संडासाचे दार इतके अरुंद आहे की चाकांची खुर्ची आतच जात नाही. स्वतः त्या खुर्चीवर बसणारे माणूस बैठकीत असेल, तर नकाशा मंजूर होण्याआधीच ते सांगते, "ही पायरी काढा, इथे उतार करा." ज्याचे जळते त्याला कळते. म्हणून अपंगांच्या संस्थेच्या मंडळात अपंग माणूस नसेल, तर ते मंडळ आमच्या मते अपुरे. ऊस न लावणाऱ्या एकवीस जणांनी ऊसदर ठरवावा, तसा तो प्रकार होईल.

खुर्ची तिसरी : त्रयस्थाची

तिसरी माणसे मात्र अशी, की ज्यांच्या घरी हे दुःख नाही आणि अंगावरही नाही. मग ती येतात कशाला? विजय मर्चंट हे नाव आमच्या वयाच्या सभासदांना रेडिओमुळे ठाऊक आहे. रविवारी विविध भारतीवर त्यांचा क्रिकेटचा कार्यक्रम लागे. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ७१.६४ ची सरासरी, म्हणजे ब्रॅडमनच्या खालोखाल. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या, त्याच सामन्यात खांद्याला इजा झाली आणि कसोटी क्रिकेट संपले. १९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनीच आपले निर्णायक मत टाकून अजित वाडेकरांना कर्णधार केले.

ही त्यांची ओळख सर्वांना आहे. दुसरी ओळख कमी लोकांना आहे. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत राष्ट्रीय अंध संघ, म्हणजे ज्याला आपण 'नॅब' म्हणतो ती संस्था स्थापन झाली. मर्चंटांनी या संस्थेसाठी दीर्घकाळ काम केले, तिचे अध्यक्षपद सांभाळले. ते स्वतः गिरणीमालक घराण्यातले. त्यामुळे अंध-अपंगांना नुसती मदत नको, काम हवे, हे त्यांनी उद्योगपतींना त्यांच्याच भाषेत सांगितले. अंध माणूस यंत्रावर काम करू शकतो हे गिरणीमालकाला संस्थेच्या पत्रकाने पटत नाही. ते दुसऱ्या गिरणीमालकाने सांगितले की पटते. १९८७ साली त्यांचे निधन झाले. क्रिकेटमधली त्यांची आकडेवारी आजही पुस्तकांत निघते. ज्यांना काम मिळाले त्यांच्या घरी पेटलेल्या चुलींची आकडेवारी कुठेच छापलेली नसते.

याच नॅबने गुजरातेत वलसाड जिल्ह्यातल्या फणसा येथे अंधांसाठी शेतीचे प्रशिक्षण केंद्रही चालवले. आपल्याला हे विशेष वाटावे. अंधाला टेलिफोनवर किंवा खुर्च्या विणायला बसवावे, एवढीच कल्पना होती तेव्हा, खेड्यातल्या अंधाने खेड्यातच राहून शेती आणि दूधदुभते करावे असा विचार एका मंडळाने केला. कुठल्यातरी बैठकीत कुणीतरी ती सूचना मांडली असेल, कुणीतरी अनुमोदन दिले असेल, ठराव इतिवृत्तात लिहिला गेला असेल. मोठी कामे अशाच कोरड्या कागदावरून सुरू होतात.

त्रयस्थ माणूस मंडळात का हवा, याचे उत्तर आपल्या सहकारातच आहे. प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि शेतकऱ्यांनी त्याच्या अध्यक्षपदी आणले ते पुण्याच्या धनंजयराव गाडगीळांना. ते अर्थशास्त्राचे पंडित, उसाचे बागायतदार नव्हेत. पण सुरुवातीच्या अवघड वर्षांत त्यांनी ती खुर्ची सांभाळली, कारण बँकेशी, सरकारशी आणि हिशोबाशी कसे बोलायचे हे त्यांना माहीत होते. घरचा माणूस जीव लावतो, बाहेरचा माणूस तोल सांभाळतो. संस्थेला दोन्ही लागतात.

बैठकीत होते तरी काय?

अपंगांच्या संस्थेचे विश्वस्त म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे शाल-श्रीफळ, फळवाटप आणि वर्तमानपत्रातला फोटो येतो. प्रत्यक्षात वर्षातले तीनशे साठ दिवस वेगळेच असतात.

शासनाचे अनुदान उशिरा येते. शिक्षक, काळजीवाहक आणि स्वयंपाकीण यांचा पगार मात्र एक तारखेला द्यायचा असतो. मधली दोन महिन्यांची तूट कुठून भरायची, यावर अर्धी बैठक जाते. मग धर्मादाय आयुक्तांकडे दाखल करायचा हिशोब. आपल्या राज्यात अशा संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. एखादा विश्वस्त वारला, राजीनामा दिला किंवा नवा आला, तर त्याचा बदल अर्ज, ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात, तो नव्वद दिवसांच्या आत दाखल करावा लागतो. संस्थेची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. देणगीदाराला आयकराची सवलत हवी असते, त्यासाठीची नोंदणी ठरावीक वर्षांनी नव्याने करावी लागते. शिवाय २०१६ च्या कायद्याखाली अपंगांची संस्था चालवायला स्वतंत्र नोंदणी लागते, तीही वेळेवर राखायची असते.

यातला एक कागद चुकला तरी लगेच काही बिघडत नाही. बिघडते ते दहा वर्षांनी. बदल अर्जच दाखल केले नाहीत, म्हणून कागदोपत्री आजही मयत माणसेच विश्वस्त आहेत, असे होते. मग दोन गट उभे राहतात, दोघेही म्हणतात खरे मंडळ आमचे, प्रकरण तारखांवर जाते, बँक खाते गोठते, आणि वसतिगृहातल्या पोरांच्या ताटातली भाजी पातळ होऊ लागते. पोराला कळत नाही की भाजी पातळ का झाली. ती पातळ झाली कारण आठ वर्षांपूर्वी एका माणसाने एक फॉर्म भरायचा कंटाळा केला. विश्वस्ताचे काम फुकटचे असले तरी हलके नाही, ते एवढ्यासाठी.

दुसरे काम म्हणजे डोळे उघडे ठेवून फेरी मारणे. न कळवता स्वयंपाकघरात जाणे, अंथरुणे पाहणे, मुलांच्या अंगावर वळ आहेत का पाहणे, रात्रपाळीला कोण असते हे विचारणे. बोलता न येणाऱ्या मुलाची तक्रार त्याच्या अंगावर वाचावी लागते. कारखान्यात मालाचे वजन काट्यावर कळते, उतारा प्रयोगशाळेत कळतो. इथे काटा नाही. एखादे पोर दोन वर्षांनी स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणे लावू लागले, तर तो त्या हंगामाचा उतारा. तो ओळखायला तेच पोर दोन वर्षांपूर्वी पाहिलेला माणूस मंडळात असावा लागतो. या कामाला वर्षे का द्यावी लागतात, त्याचे कारण इथे आहे. उसाचे पीक वर्ष-दीड वर्षात येते, या पिकाला वीस वर्षे लागतात. तेवढ्या काळात शासनाचे अधिकारी दहा वेळा बदलतात, योजना चार वेळा बदलते, कर्मचारी येतात-जातात. पोर आणि विश्वस्त तेवढे जागेवर राहतात.

पण मुक्काम वाढला तर?

इथे आम्हाला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख नुसता हारतुऱ्यांचा होईल. तीस वर्षे एका खुर्चीत बसणे ही सेवा असू शकते, तसा तो कब्जाही असू शकतो. संस्थेचे संस्थान कधी झाले हे बसणाऱ्यालाच कळत नाही. आधी वडील, मग मुलगा, मग सून, आणि मंडळात सगळी एकाच आडनावाची पाटी. मग लेखापरीक्षकाने काढलेल्या शेऱ्याला उत्तर देण्याची गरज वाटत नाही. कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कुणी करायची? कारखान्यात निदान सभासद आहेत, मत आहे, आरडाओरडा आहे. तिथे मुलांना मत नाही.

म्हणून चांगल्या मंडळाच्या काही खुणा आम्ही सांगतो. सगळी जागा एकदम रिकामी होऊ नये आणि सगळी जागा कायमची अडूही नये, यासाठी काही सदस्य दर दोन-तीन वर्षांनी बदलत राहावेत. पालक, स्वतः अपंग असलेली व्यक्ती आणि त्रयस्थ जाणकार असे तिन्ही तऱ्हेचे लोक मंडळात असावेत. एकाच घरातल्या दोघांच्या सह्या धनादेशावर चालू नयेत. इतिवृत्ताची वही कपाटात बंद न राहता पालकांना वाचायला मिळावी. आणि जुन्या माणसाने जाण्याआधी आपल्या शेजारी एक तरुण बसवून त्याला काम शिकवलेले असावे. बैलजोडीत जुन्या बैलाबरोबर नवा गोऱ्हा जुंपतात ते उगाच नव्हे.

आपल्या जिल्ह्यात आपण काय करावे?

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. "आमच्या माघारी याचं कोण?" या प्रश्नासाठी १९९९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांतल्या व्यक्तींसाठी तो आहे. या कायद्याप्रमाणे जिल्ह्याला एक स्थानिक स्तर समिती असते. आपल्या छत्रपती संभाजीनगरसारख्या जिल्ह्यात तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. समितीची रचना मुद्दाम पाहा : एक जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक स्वतः अपंग असलेली व्यक्ती. वर ज्या तीन खुर्च्या आम्ही सांगितल्या, जवळजवळ त्याच कायद्यानेही मांडल्या आहेत. दर तीन महिन्यांनी निदान एकदा समितीची बैठक व्हावी, अशी तरतूद आहे.

आपल्या सभासदांची समजूत अशी असते की पोर माझे आहे, मग पालक मीच, त्याला कागद कशाला? पण पोर अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होते, मग त्याला व्यवहार कळो वा न कळो. त्याच्या नावावर जमीन असेल, बँकेत ठेव असेल, कारखान्याचा भाग वारसाने आला असेल, तर सही कुणाची? इथे अडते. त्यासाठी पालकांनी, नातेवाइकांनी किंवा नोंदणीकृत संस्थेने या समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. नेमलेल्या पालकावर बंधने आहेत. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा. पालकाने हेळसांड केली किंवा मालमत्ता लाटली, तर तक्रार करून त्याला काढताही येते. भावाभावांच्या वाटणीत अशा लेकराचा हिस्सा "आम्हीच बघू की" म्हणून गिळला जाण्याचे प्रकार गावोगाव होतात. त्याला हा लगाम आहे. आणि कारखान्याच्या भागाला नॉमिनी लावला म्हणजे लेकराच्या सांभाळाची सोय झाली, असे कुणी समजू नये. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच न्यासाची 'निरामय' नावाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. तिचीही चौकशी करावी.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आपल्यातले कितीतरी सभासद सरपंच आहेत, ग्रामपंचायत सदस्य आहेत. ग्रामसभेत आपण गटारीचा आणि दिवाबत्तीचा हिशोब मागतो, तसा या पाच टक्क्यांचाही मागावा. कुणाच्या तरी उपकाराचा तो पैसा नव्हे.

तिसरी आणि आमच्या मनातली मुख्य गोष्ट. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत अशा संस्था आहेत. त्यांना धान्य देणारे आहेत, वाढदिवसाला मिठाई वाटणारे आहेत. त्यांना कमी पडतात ती बैठकीला येणारी माणसे. जो सभासद कारखान्याचा ताळेबंद वाचू शकतो, तो संस्थेचाही वाचू शकतो. निवृत्त शिक्षक, सोसायटीचे माजी सचिव, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, ज्यांनी आयुष्यभर इतिवृत्ते लिहिली, ठराव लिहिले, वसुली केली, अशी अनुभवी माणसे आपल्या गावागावांत पारावर बसून आहेत. भगिनींना तर आमचे विशेष सांगणे आहे. घरात अपंग लेकरू सांभाळलेल्या बाईइतका अनुभव कोणत्या पदवीधराकडे असतो? पण तिला अजून कुणी बैठकीचे बोलावणेच पाठवलेले नाही.

एकदम विश्वस्त व्हायची घाई नको. आधी संस्थेचे साधे सभासद व्हा, वर्षभर येऊन-जाऊन पाहा, वार्षिक सभेला बसा, हिशोब मागा. संस्था हिशोब दाखवायला कचरली तर तिथे देणगीही देऊ नका. दाखवला, मन बसले, तर मग पाच वर्षांचा शब्द द्या. पाच वर्षे देता येत नसतील तर नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांची त्या पोरांना सवय झालेली असते, त्यात आपण आणखी एकाची भर घालू नये.

'विना सहकार नाही उद्धार' हे वाक्य आपल्या कागदांवर, कमानींवर वर्षानुवर्षे छापलेले आहे. सहकार याचा अर्थ ज्यांच्याकडे ऊस आहे त्यांनीच एकत्र यावे, एवढा लहान नव्हता. एकट्याचे बळ पुरत नाही त्यांनी एकमेकांना धरून उभे राहावे, हा तो अर्थ. तसे पाहिले तर ज्याला उभेच राहता येत नाही, त्याचा या शब्दावर आपल्यापेक्षा आधी हक्क आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ऊसदराचा विषय तर निघेलच आणि निघालाच पाहिजे. त्यानंतर दहा मिनिटे या विषयालाही मिळावीत, अशी आमची सभासदांना विनंती आहे.